मुंबई ते लंडन : सतरा महिन्यांच्या उत्तरापासून नऊ तासांच्या उड्डाणापर्यंत

पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला, तर तो सुमारे ७,२०० किलोमीटरचा भरतो. आजचे विमान हे अंतर साधारण नऊ ते दहा तासांत कापते. लंडनला जाताना वेळ थोडा अधिक लागतो आणि परतताना थोडा कमी, कारण उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे एका दिशेला विमान अडवतात आणि दुसऱ्या दिशेला ढकलतात.

हे अंतर शिवकाळातही इतकेच होते. मात्र त्या काळी या दोन शहरांमध्ये सरळ दोऱ्यासारखी वाट कोणालाच उपलब्ध नव्हती. आफ्रिकेला वळसा घालून जाणारा सागरी मार्ग जवळपास १९,८०० किलोमीटरचा होता, म्हणजे सरळ अंतराच्या पावणेतीनपट. शिडाच्या जहाजाला त्यासाठी पाच ते सहा महिने लागत. वारा पडला, रोगराई पसरली किंवा युद्ध पेटले, तर त्याहूनही अधिक.

शिवाय हे जहाज केव्हाही निघू शकत नसे. इंग्लंडहून निघणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे हिवाळ्यात किंवा वसंताच्या प्रारंभी नांगर उचलत, म्हणजे केपला वळसा घालून हिंदी महासागरात शिरेपर्यंत नैऋत्य मोसमी वारे पाठीशी मिळत. परतीसाठी ईशान्य वाऱ्यांची वाट पाहावी लागे. त्यामुळे पत्र पाठवून त्याचे उत्तर मिळण्यास दोन प्रवासांचा काळ आणि त्यांच्यामधली ऋतूची प्रतीक्षा एवढा वेळ जाई. लंडनहून उत्तर येण्यास दीड वर्ष लागणे ही त्या काळातील अगदी सामान्य गोष्ट होती.

या विलंबाची किंमत मराठी राज्याने कशी मोजली, याचे ठळक उदाहरण पहिल्या इंग्रज–मराठा युद्धात सापडते.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बारभाईंच्या कारभाराने रघुनाथरावास पेशवेपदापासून दूर केले. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला. वसई आणि साष्टी यांच्या बदल्यात इंग्रजांनी त्याला फौजेची मदत द्यायची, असा तो सौदा. साष्टीचा ताबा तर इंग्रजांनी आदल्या डिसेंबरातच घेतला होता.

पण १७७३च्या नियामक कायद्याने मुंबईचे कौन्सिल युद्ध व तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या अधीन झाले होते. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य केला, कर्नल अप्टनला वकील म्हणून पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी नाना फडणीस व सखारामबापू यांच्याशी पुरंदरचा तह केला. रघुनाथरावाची पाठराखण सोडण्याचे इंग्रजांनी कबूल केले. पुण्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

तिकडे लंडनमधील संचालकांच्या टेबलावर मात्र सुरतेच्या तहाचे जुने कागद पडले होते. त्यांनी ते वाचले, तह पसंत केला आणि मिळालेला मुलूख राखावा असे कळवले. हे पत्र मुंबईच्या बंदरात उतरले ऑगस्ट १७७६ मध्ये. सुरतेच्या तहाला तेव्हा सतरा महिने होऊन गेले होते आणि तो रद्द करणाऱ्या पुरंदरच्या तहालाही पाच महिने उलटले होते. लंडनने मान्यता दिली, ती अशा तहाला, जो पत्र पोहोचण्यापूर्वीच मेला होता.

मुंबईच्या कौन्सिलला हे पत्र म्हणजे हवे ते निमित्त मिळाले. पुरंदरच्या तहाची अंमलबजावणी रेंगाळली, रघुनाथरावाला आसरा मिळत राहिला आणि अखेरीस मुंबईकरांची फौज त्याला घेऊन बोरघाट चढली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तिने शरणागती पत्करली. मुंबई, कलकत्ता आणि लंडन ही तीन केंद्रे तीन वेगवेगळ्या काळांत जगत होती, हे या युद्धाचे एकमेव कारण अर्थातच नव्हे. साष्टी-वसईची हाव आणि रघुनाथरावाची महत्त्वाकांक्षा ही मूळ कारणे आहेतच. तरीही मुंबईकरांना जो हट्ट रेटता आला, तो या अंतरामुळे. आज्ञा उशिरा पोहोचत असल्याने त्यांतली सोयीची तेवढी निवडून पाळता येत असे.

वडगावनंतर रघुनाथरावाने आपले वकील थेट इंग्लंडला धाडले. हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार पारशी हे दोघे १७८१ मध्ये लंडनमध्ये होते. खाण्यापिण्याच्या नियमांमुळे त्यांचे फार हाल होत होते. तेव्हा एडमंड बर्क या संसदपटूने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि आपल्या पद्धतीने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतील काचघर त्यांच्या स्वाधीन केले. राजकीय पदरात फारसे काही न पडता ते परतले. पण पेशवाईतील ब्राह्मण वकील इंग्रज खासदाराच्या काचघरात चूल मांडतो, हे चित्र ‘काळे पाणी’ ओलांडण्याच्या चर्चेत सहसा कोणी आठवत नाही.

अर्धे शतक उलटल्यावर या अंतरावर पहिला घाव पडला, आणि तो मुंबईच्या गोदीत घडवलेल्या जहाजाने घातला. ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट वाडिया घराण्यातील नौकाशिल्पींनी बांधली आणि १८२९ मध्ये ती पाण्यात उतरली. २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन याच्या हाताखाली तिने मुंबई सोडली आणि २२ एप्रिलला ती सुएझला पोहोचली. तेहतीस दिवस लागले, पण त्यांतले प्रत्यक्ष चालण्याचे दिवस सुमारे एकवीसच. उरलेला वेळ वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यात गेला.

कोळसा हीच या प्रवासाची खरी गोम होती. बोटीच्या कोठारात जेमतेम पाच-सहा दिवसांचे इंधन मावत होते आणि पहिला मुक्काम, एडन, त्याहून बराच लांब होता. म्हणून खलाशांनी केबिनी, दिवाणखाना, मोकळी जागा दिसेल तिथे कोळसा कोंबला. लादलेल्या ओझ्याने बोट इतकी खाली बसली होती की ती धड चालेना. एडनला ती लागली तेव्हा कोळसा संपत आला होता. एवढे करून नैऋत्य मोसमी वाऱ्यांपुढे या बोटीचे काही चालत नसे. त्यामुळे पावसाळ्यात ही वाट बंदच राहत असे.

इथे कोळशाचे आणि साम्राज्याचे गणित एकत्र येते. मुंबई ते सुएझ या वाटेवर मधोमध कोळशाचे खात्रीचे ठाणे हवे होते. ‘दर्या दौलत’ नावाचे जहाज एडनजवळ फुटले आणि लुटले गेले, हे निमित्त हाती आले. जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्स याने मुंबईहून गेलेल्या आरमाराच्या बळावर एडन जिंकले. पुढे सुमारे नव्वद वर्षे एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. अरबस्तानातील एक बंदर मुंबईच्या गव्हर्नराच्या अखत्यारीत का होते, असा प्रश्न पडणाऱ्यांनी ‘ह्यू लिंडसे’च्या रिकाम्या कोठाराकडे पाहावे.

सुएझला उतरल्यावर पुढचा टप्पा जमिनीवरचा. वाळवंट ओलांडून कैरो, तेथून नाईल नदीने अलेक्झांड्रिया आणि मग भूमध्य समुद्रातली दुसरी बोट. या ‘खुष्कीच्या वाटे’साठी आयुष्य वेचणारा माणूस म्हणजे टॉमस वॅगहॉर्न. उंट, नावा, विश्रामगृहे यांची साखळी त्याने उभी केली. ऑक्टोबर १८४५ मध्ये त्याने इटलीच्या उत्तरेकडील त्रिएस्त बंदरातून जाणारी वाट वापरून मुंबईची टपाल तीस दिवसांत लंडनला पोहोचवून दाखवली. सहा महिन्यांचे काम एका महिन्यावर आले. वॅगहॉर्न स्वतः मात्र कर्जात बुडाला आणि १८५० मध्ये दारिद्र्यातच वारला.

या वाटेने जाणाऱ्या आरंभीच्या भारतीयांत मुंबईच्या गोदीतील अभियंता अर्देशीर कर्सेटजी वाडिया होता. १८३९ मध्ये तो बोटीने सुएझला आणि तेथून इंग्लंडला गेला. आपली रोजनिशी त्याने १८४० मध्ये लंडनमध्ये इंग्रजीत छापली. पुढल्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, तो मान मिळवणारा पहिला भारतीय.

त्याच सुमारास आणखी एक माणूस लंडनकडे निघाला होता, आणि त्याची कथा अभियंत्याच्या कथेइतकी सुखाची नाही.

सप्टेंबर १८३९ मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून दूर केले आणि काशीला नेऊन ठेवले. त्यांच्यावरचे राजद्रोहाचे आरोप बनावट आहेत, हे लंडनच्या दरबारी पटवून देण्याची कामगिरी वकील रंगो बापूजी गुप्ते यांच्याकडे आली. रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथेच राहिले. त्यांनी अर्ज छापले, कंपनीच्या भागधारकांच्या सभा गाठल्या, जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉमसन यांच्यासारखे समर्थक मिळवले. मुंबईतील अधिकाऱ्यांचे कागद आणि साताऱ्याचे कागद यांतली तफावत ते सतत मांडत राहिले.

या लढ्यात अंतर हाच एक पक्षकार होता. पुरावा काशी किंवा साताऱ्याहून मागवायचा, तर त्याची वाट महिनोनमहिने पाहायची. मुंबई सरकारचे अहवाल सरकारी टपालाने जात. राजाच्या वकिलाला आपले कागद आणि खर्चाचे पैसे दोन्ही दुरून मिळवावे लागत. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराजांचे काशीत निधन झाले. ज्यांच्यासाठी भांडायचे ते धनीच आता या जगात नव्हते. पुढल्या वर्षी गादीवरचे शहाजी महाराजही वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केले. रंगो बापूजी तरीही हटले नाहीत. अखेर कर्ज साचले आणि १८५३च्या अखेरीस त्यांना परतावे लागले. त्यांनी लंडन गाठले तेव्हा खुष्कीची वाट नुकती सुरू झाली होती, आणि परतले तेव्हा पी. अँड ओ. कंपनी मुंबई–सुएझ टपालाची मक्तेदारी हाती घेण्याच्या बेतात होती. वाट झपाट्याने आखूड झाली. त्यांचा निकाल मात्र तेवढ्याच झपाट्याने लागला नाही. १८५७ मध्ये साताऱ्याच्या उठावाच्या कटात त्यांचे नाव पुढे आले. ते निसटले, पण त्यांचा मुलगा सीताराम फासावर गेला.

त्या १८५७च्या बातमीचाही वेग पाहण्यासारखा आहे. मेरठची छावणी १० मे रोजी पेटली आणि दिल्ली पडल्याची वार्ता लंडनला जूनच्या अखेरीस समजली. दीड महिना ब्रिटनचे मंत्रिमंडळ एका अशा साम्राज्याचा कारभार पाहत होते, ज्यातील दिल्ली बंडवाल्यांच्या हाती गेली आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते.

या काळात बातमीवर पैसा कमावणारेही होते. अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलचे भाव आगबोटीबरोबर येत. प्रेमचंद रायचंद आपले पडाव खोल समुद्रात धाडून बोट बंदराला लागण्याआधीच ते भाव मिळवत असे, असे सांगतात. दंतकथा असो वा तथ्य, बातमीचे काही तास लवकर मिळणे म्हणजे संपत्ती, हे त्या मुंबईला पक्के ठाऊक होते. युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली, तेव्हा बॅक बेच्या भागांसकट निम्मी मुंबई दिवाळखोरीत निघाली.

मग १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. सागरी अंतर १९,८०० किलोमीटरवरून सुमारे ११,६०० किलोमीटरवर आले. पुढच्याच वर्षी, जून १८७० मध्ये, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापासून सुएझ-एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राच्या तळाशी तारेची केबल पूर्ण झाली.

या दोन घटना एकत्र सांगण्याचा प्रघात आहे, पण त्यांचे परिणाम वेगळे आहेत. कालव्याने माणसे आणि माल लवकर पोहोचू लागले. तारेने बातमी माणसापासून सुटी केली. त्याआधी निरोप बहुतेक वेळा जहाजाच्याच वेगाने जाई. आता तो मिनिटांत जाऊ लागला. सुरतेचा तह ज्या मोकळिकीत झाला होता, ती मोकळीक यानंतर कोणत्याही गव्हर्नराला उरली नाही.

प्रवासाचा वेळ किती उरला होता, हे जूल्स व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने नेमके पकडले. ८० दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या त्याच्या नायकाच्या वेळापत्रकात लंडन ते सुएझ रेल्वे व बोटीने ७ दिवस आणि सुएझ ते मुंबई बोटीने १३ दिवस धरले आहेत. एकूण वीस दिवस. कादंबरी १८७३ची आणि हा हिशेब त्या काळच्या वेळापत्रकांशी जुळणारा आहे. इटलीच्या टाचेवरील ब्रिंडिसी बंदरापर्यंत रेल्वेने जायचे आणि तिथे बोट पकडायची, ही युक्ती टपाल आणि श्रीमंत प्रवासी दोघेही वापरत.

(येथे एक अवांतर. ‘पॉश’ हा शब्द पी. अँड ओ.च्या तिकिटांवरून आला, जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची सावलीतली केबिन म्हणजे ‘पॉश’, ही गोष्ट सर्वत्र फिरते. तसे छापलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. गोष्ट छान आहे, पुरावा नाही.)

विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रवास दोन-तीन आठवड्यांचा होता, आणि मराठी वाचकाला परिचित असलेले कितीतरी प्रवास याच मापाचे आहेत. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये याच वाटेने इंग्लंडला गेल्या आणि त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्र त्याच वर्षी छापले गेले. विनायक दामोदर सावरकर जून १९०६ मध्ये ‘पर्शिया’ बोटीने मुंबईहून निघाले. १ जुलै १९१० रोजी त्यांना कैदी म्हणून ‘मोरिया’ बोटीने इंग्लंडहून हलवले, ८ जुलैला मार्सेलिसची उडी घडली आणि २२ जुलैला ते मुंबईत उतरले. एडनपासून पुढचा टप्पा ‘साल्सेट’ या बोटीने झाला. ही पी. अँड ओ.ची एडन–मुंबई अशी जलद फेरी करणारी बोट. नाव मुंबईशेजारच्या साष्टी बेटाचेच. ज्या साष्टीपायी १७७५चा तह झाला, तिचेच.

आकाशमार्ग खुला झाला तो मुंबईला वगळून. इंपीरियल एअरवेज कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडनहून साप्ताहिक सेवा सुरू केली, पण तिचा शेवट होता कराची. (कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती; सिंध १९३६ मध्ये वेगळा झाला.) प्रवास सात दिवसांचा आणि भाडे १३० पौंड. त्यात लंडन ते बाझल विमान, बाझल ते जिनोआ आगगाडी, जिनोआ ते अलेक्झांड्रिया समुद्रविमान आणि तिथून बगदाद, बसरा, इराणच्या किनाऱ्याने कराची. अंधार पडला की विमान उतरायचे आणि प्रवासी रात्रभर विश्रांती घ्यायचे.

कराची ते मुंबई हा उरलेला तुकडा जोडला जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एक इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान आणि सुमारे २५ किलो टपाल घेऊन ते कराचीहून निघाले. अहमदाबादला उतरून इंधन भरले. ते डबे बैलगाडीतून आले होते. दुपारी ते जुहूला पोहोचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेला. जुहूचे ते मैदान समुद्रालगतच्या चिखलवटीत होते आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत मुक्काम पुण्याला हलवावा लागे. ‘ह्यू लिंडसे’ला अडवणारा मोसमी पाऊस शंभर वर्षांनी विमानालाही अडवत होता.

दोन वर्षे आधीची एक घटना या मंडळींचा स्वभाव सांगून जाते. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड–भारत एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयास बक्षीस लावले होते. टाटा कराचीहून निघाले होते आणि सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकले होते. टाटांनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी जिंकला. पुढे तो भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला.

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. प्रवासी पस्तीस; त्यांत टाटा स्वतः होते. भाडे १,७२० रुपये. आठवड्यांच्या भाषेत बोलला जाणारा प्रवास आता तासांच्या भाषेत आला. आणि प्रथमच या दोन शहरांमधली नियमित वाट मुंबईच्या ध्वजाखाली चालू लागली. त्या आधीची पावणेदोनशे वर्षे जहाजे, टपाल, तार, विमाने, सगळ्यांची वेळापत्रके लंडनला ठरत आली होती.

त्या विमानाचा शेवट सांगितल्यावाचून ही कथा अपुरी राहील. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे उतरत असताना आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. ४८ जण मृत्युमुखी पडले. विमानात अनेक भारतीय खलाशी होते, जे इंग्लंडमधील जहाजांवर रुजू होण्यासाठी निघाले होते. मदतीला चढलेला फ्रेंच वाटाड्या रेने पायो हिमभेगेत पडून मरण पावला.

सुमारे पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचेच ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जवळपास त्याच ठिकाणी कोसळले. मुंबई, दिल्ली, बैरुत, जिनिव्हा, लंडन असा त्याचा मार्ग होता. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्यांच्या मृत्यूभोवती रचलेल्या कटाच्या कथा आजही समाजमाध्यमांवर फिरतात. फ्रेंच चौकशीने मात्र विमानाच्या स्थानाविषयी वैमानिक व नियंत्रक यांच्यात झालेल्या गैरसमजाकडे बोट दाखवले. जिनिव्हा हा थांबा आणि आल्प्सवरून उतरण्याची वाट, ही दोन्ही विमाने एकाच जागी जाण्यामागची साधी भौगोलिक बाब आहे.

त्या डोंगराखालील बोसाँ हिमनदी हळूहळू सरकते आणि खालच्या टोकाला वितळताना पोटातले बाहेर टाकते. २०१२ मध्ये गिर्यारोहकांना तिच्यात भारताच्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली. २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीची १९६६ची वर्तमानपत्रे मिळाली. मुंबई–लंडन टपालातले सर्वांत उशिरा पोहोचलेले कागद कदाचित हेच असावेत. संचालकांच्या १७७६च्या पत्रालाही त्यांनी मागे टाकले.

जेट विमाने १९६० पासून या वाटेवर आली, ‘बोइंग ७४७’ १९७१ मध्ये, आणि हळूहळू मधले थांबे गळून पडले. हा भाग सरळ आहे. त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही.

वेळ एकदा कमी झाला की तो पुन्हा वाढत नाही, असे मात्र समजण्याचे कारण नाही. १९६७च्या अरब–इस्रायल युद्धाने सुएझ कालवा बंद पडला आणि तो १९७५ पर्यंत बंद होता. आठ वर्षे मुंबईची जहाजे पुन्हा केपला वळसा घालून गेली. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी पुन्हा तोच वळसा पत्करला.

आकाशातही तेच. मुंबईहून लंडनकडे जाणारी सर्वांत जवळची रेघ पाकिस्तान, अफगाणिस्तान, कास्पियन समुद्र आणि पुढे युक्रेनच्या परिसरावरून जाते. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही आपले आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केले. त्यामुळे भारतीय विमाने मुंबई सोडल्यावर अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे वळून इराण, इराक, तुर्कस्तानकडे जाऊ लागली, म्हणजे १९२९च्या त्या साप्ताहिक विमानाच्या बसरा–बगदाद वाटेच्या जवळून. जून २०२५ मध्ये इराण–इस्रायल संघर्षात त्या आकाशातही बंदी आली, तेव्हा वाट आणखी दक्षिणेला सरकली : सौदी अरेबिया आणि इजिप्त, कैरोच्या बाजूने, जिथे १९४८ मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ इंधनासाठी उतरले होते आणि त्याच्या शंभर वर्षे आधी वॅगहॉर्नचे उंट टपालाच्या पेट्या घेऊन वाळवंट तुडवत होते.